मश्रू, हिमरू आणि सोलापुरी चादर : ताना-बाना जाणणाऱ्यांची विरासत

सोलापूरची चादर साऱ्या देशाला माहीत आहे. हिमरू म्हटलं की बऱ्याच जणांना औरंगाबादच्या (आताचं छत्रपती संभाजीनगर) सहलीत घेतलेली एखादी शाल आठवते. मश्रू हा शब्द मात्र आपल्या मुलांनी बहुधा ऐकलेलाही नसतो. या तिन्ही कापडांचं एकमेकांशी नातं आहे आणि तिन्हींशी आपल्या समाजाचंही नातं आहे. सूत कातणं, ताना लावणं, नक्षी बांधणं, कापड विणणं यावर हिंदुस्तानातल्या लाखो मुस्लिम घरांच्या चुली पेटल्या. आज त्या घरांतली मुलं दुसऱ्या कामांत आहेत. त्यात वाईट काही नाही. पण आजोबांना काय येत होतं हेच नातवाला ठाऊक नसेल, तर ते नुकसानच. म्हणून या कापडांची ही थोडक्यात माहिती.

कापड बनतं कसं?

कुठलंही विणलेलं कापड दोन प्रकारच्या धाग्यांनी बनतं. मागावर लांबीत ताणून बसवलेले उभे धागे म्हणजे ताना (मराठीत ताणा). त्यांच्यामधून आडवा जाणारा धागा म्हणजे बाना. तान्याचे काही धागे वर उचलले, काही खाली ठेवले की मध्ये एक फट तयार होते. त्या फटीतून बान्याचा धागा पलीकडे जातो. मग वरचे धागे खाली, खालचे वर होतात आणि बाना परत येतो. हेच हजारो वेळा केलं की कापड पुढे सरकतं.

कुठले धागे उचलायचे यावर कापडाची जात ठरते. एकाआड एक उचलले तर साधी वीण. तान्याचा धागा बान्याच्या अनेक धाग्यांवरून जाऊन मग एकदाच खाली शिरला, तर पृष्ठभाग गुळगुळीत आणि चमकदार होतो. ती साटीन वीण. मुख्य बान्याशिवाय फक्त नक्षीपुरता वेगळा रंगीत धागा घातला, तर त्याला जादा बाना म्हणतात.

मागाची बोली

विणकरांच्या घरात जे शब्द रोज ऐकू येत, ते आता मुलांना समजावून सांगावे लागतात. काही शब्द असे :

- करघा किंवा हातमाग : विणायचं यंत्र. जमिनीत खड्डा करून त्यात पाय सोडून बसायच्या मागाला खड्डा माग म्हणतात.
- ढरकी किंवा धोटा : बान्याची कांडी ज्यात बसते ती लाकडी नाव. दोरी ओढून धोटा फेकायच्या मागाला मराठीत झटका माग म्हणतात. ही युक्ती इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये काढली.
- नरी किंवा कांडी : बान्याचं सूत गुंडाळलेली छोटी नळी.
- राछ : तान्याचे धागे वर-खाली करणारे दोऱ्यांचे फास. ते पायाखालच्या दांड्यांनी चालतात.
- कंघी किंवा फणी : घातलेला बाना ठोकून घट्ट बसवणारी दात्यांची चौकट.
- खळ : तान्याचे धागे तुटू नयेत म्हणून त्यांना लावायची पेज.

ही यादी वाचून एक गोष्ट लक्षात येईल. कापड विणणं हे कधीच एका माणसाचं काम नव्हतं. धोटा मारणारा माणूस दिसतो, पण सूत उकलणं, कांड्या भरणं, खळ लावणं ही कामं घरातल्या बायका आणि वडीलधारी माणसं करत. त्यांचं नाव कुठे येत नसे. २०१९-२० च्या चौथ्या अखिल भारतीय हातमाग गणनेत देशात सुमारे ३५ लाख हातमाग कामगार मोजले गेले, आणि त्यांत जवळपास ७२ टक्के महिला होत्या.

मश्रू : परवानगी मिळालेलं रेशीम

मश्रू हा शब्द अरबी आहे. शरीअत ज्या धातूपासून बनतो त्याच धातूपासून तो आला. अर्थ : शरीअतीने जायज ठरवलेलं. कापडाला असं नाव का पडावं?

पुरुषांनी शुद्ध रेशीम नेसू नये, स्त्रियांना ते जायज आहे, हा हुकूम हदीसच्या किताबांत आला आहे. त्याच किताबांत काही सवलतीही आहेत. दोन, तीन, चार बोटं रुंदीची रेशमी पट्टी चालते. हजरत जुबैर आणि हजरत अब्दुर्रहमान बिन औफ यांना अंगाला खाज सुटत असल्यामुळे रेशीम घालायची इजाजत मिळाली होती. पुढे फकीहांसमोर प्रश्न आला तो मिश्र कापडाचा. कापडात थोडं रेशीम, थोडा कापूस असेल तर? हनफी फिक्हमध्ये याचं उत्तर थेट ताना-बान्यावरून दिलं आहे. ताना रेशमाचा आणि बाना सुताचा असेल तर पुरुषांनी ते वापरायला हरकत नाही. कारण नुसता ताना म्हणजे कापड नव्हे, बाना पडल्यावरच कापड होतं. म्हणून हुकूम बान्यावरून ठरतो.

मश्रूची वीण नेमकी अशीच आहे. ताना रेशमाचा, बाना सुताचा आणि वीण साटीनची. साटीन विणीमुळे रेशीम बहुतेक सगळं वरच्या बाजूला येतं आणि आतल्या बाजूला, अंगाला लागते तिथे, सूत राहतं. बाहेरून पाहणाऱ्याला रेशमाची झळाळी दिसते आणि नेसणाऱ्याच्या अंगाला कापसाचा गारवा लागतो. उन्हाळ्याच्या मुलखात याची सोय किती असेल हे सोलापूरकरांना सांगायला नको. धर्माचा प्रश्न विणकराने आपल्या मागावर, आपल्या हुनराने असा सोडवला. कोणत्या कापडाबद्दल आज शंका असेल तर आपल्या आलिमांना विचारावं. इथे मुद्दा एवढाच की फिक्हची बारीक चर्चा समजणारी कारागिरी आपल्याकडे होती.

मश्रू गुजरातेत पाटण, कच्छ, सुरत इथे विणला जाई, तसाच दख्खनमध्ये औरंगाबाद आणि हैदराबादेतही. रंगीत उभ्या पट्ट्यांचा मश्रू उस्मानी तुर्कांच्या मुलखापर्यंत जात असे. मुस्लिमांसाठी बनलेलं हे कापड हिंदू घरांतही आवडीने वापरलं गेलं. कच्छ-गुजरातेत त्याचे घागरे-चोळ्या शिवल्या गेल्या. पाटणमध्ये आजही थोडे विणकर मश्रू विणतात, पण रेशमाच्या जागी बहुतेक ठिकाणी रेयॉन आलं आहे.

हिमरू : किनख्वाबचा हमशक्ल

हिमरू हा शब्द फारसी 'हम-रू' म्हणजे 'सारख्या चेहऱ्याचा' यावरून आला असं मानतात. सारखा कुणाच्या? किनख्वाबच्या. किनख्वाब म्हणजे रेशमावर सोन्या-चांदीच्या जरीचं विणकाम, बादशहा-अमीरांना परवडणारं. हिमरूत ताना सुती असतो आणि नक्षी रेशमाच्या जादा बान्याने काढतात. लांबून पाहिलं तर किनख्वाबसारखा थाट, पण वजन हलकं आणि किंमत कमी. नक्षीत वेली, पानं, फुलं, अनार आणि भौमितिक जाळ्या दिसतात. शेरवानी, शाल, रजईचं वरचं कापड, पडदे असा त्याचा वापर होता.

१३२७ मध्ये मुहम्मद बिन तुघलकाने राजधानी दिल्लीहून दौलताबादला नेली, तेव्हा त्याच्याबरोबर कारागीरही दख्खनला आले आणि इथेच राहिले, अशी विणकरांची परंपरा सांगते. पुढे १६१० मध्ये मलिक अंबरने दौलताबादजवळ खडकी शहर वसवलं. हा मलिक अंबर मूळचा आफ्रिकेतला हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा कर्ताधर्ता झालेला. त्याच खडकीचं पुढे औरंगाबाद झालं. मुघल आणि नंतर आसफजाही काळात अमीर-उमरावांची मागणी होती म्हणून हिमरू फुलला. निजामाची राजधानी हैदराबादला गेल्यावरही शेरवानीचं कापड औरंगाबादहून जात राहिलं. १९४८ मध्ये निजामाची हुकूमत संपली, तेव्हा हे मोठे गिऱ्हाईकही गेले.

हिमरूचा जुना माग दोन माणसांचा. खाली बसलेला विणकर धोटा चालवायचा. वर बसलेला साथीदार जाळ्याच्या दोऱ्या ओढायचा. कुठली दोरी कधी ओढायची हे ठरलेलं, म्हणजे संपूर्ण नक्षी दोऱ्यांच्या गाठींत लिहून ठेवलेली असायची. ती गाठी बांधणारा कारागीर म्हणजे नक्शबंद. कागदावरचं फूल दोऱ्यांच्या हिशोबात उतरवायचं हे त्याचं काम. शाळेचं तोंड न पाहिलेल्या माणसाचं हे गणित होतं.

सोलापूर : पुठ्ठ्यात बांधलेली नक्षी

फ्रान्समधल्या ल्यों शहरात जोसेफ मारी जकार याने १८०४ च्या सुमारास वरच्या साथीदाराचं काम छिद्रं पाडलेल्या पुठ्ठ्यांकडे दिलं. छिद्र असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खालीच राहतो. पुढे गणनयंत्राचा विचार करणाऱ्या चार्ल्स बॅबेज याने हीच पुठ्ठ्यांची कल्पना उचलली. मुलांना कॉम्प्युटरचा इतिहास शिकवताना ही गोष्ट आवर्जून सांगावी. सोलापुरी चादरीवरचा मोर, फुलं, वेलबुट्टी ही सारी जकार मागाचीच करामत. अनेक चादरी उलटून पाहिल्या तर तीच नक्षी रंगांची अदलाबदल होऊन दिसते. ताना आणि बाना दोन्ही रंगीत असतात आणि वर-खाली जागा बदलतात, म्हणून हे घडतं. टेरी टॉवेलचं तंत्र वेगळं. त्यात दोन ताने असतात, एक घट्ट आणि एक सैल. सैल तान्याच्या धाग्याचे छोटे फास वर उभे राहतात आणि पाणी शोषतात.

सोलापूर विणकरांचं गाव झालं ते अनेक समाजांमुळे. तेलंगणातून आलेले पद्मशाली, इथले साळी, कोष्टी, खत्री आणि मुस्लिम मोमीन हे सगळे मागावर बसले. १८६० मध्ये रेल्वे आली. १८७७ मध्ये सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग कंपनी, म्हणजे आपली जुनी मिल, सुरू झाली. मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीमुळे हातमागवाल्याला तयार सूत मिळालं आणि गिरणीच्या कापडाशी स्पर्धाही त्याच्याच वाट्याला आली. गिरणी कामगारांच्या याच शहरातून १९३० चं आंदोलन पेटलं. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी गेलेल्या चार हुतात्म्यांपैकी अब्दुल रसूल कुर्बान हुसेन हे कामगारांत काम करणारे पत्रकार होते. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा हे त्यांचे साथी.

नंतर गिरण्या एकेक करून बंद पडल्या. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली. २००५-०६ मध्ये सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल यांना भौगोलिक मानांकन मिळालं. महाराष्ट्रात असं मानांकन मिळवणाऱ्या त्या पहिल्या वस्तू. पण मानांकन सांगतं की माल सोलापूरचा आहे. तो हातमागाचा आहे असं ते सांगत नाही. बाजारात मिळणारी बहुतेक चादर यंत्रमागाचीच असते. हातमागावर आता सोलापुरात मुख्यतः भिंतीवर लावायची विणलेली चित्रं होतात, त्यांत नेत्यांचे, थोर माणसांचे चेहरे हुबेहूब उतरवलेले दिसतात.

मोमीन, अन्सारी, जुलाहा

मागाची गोष्ट सांगताना मागावर बसणाऱ्याची इज्जत कशी होती हेही सांगायला हवं. आपल्या धर्मात हाताच्या कमाईला मोठा मान आहे. व्यवहारात मात्र 'जुलाहा' हा शब्द शिवीसारखा वापरला गेला, आणि वापरणारे फक्त दुसरे नव्हते. स्वतःला शरीफ म्हणवणाऱ्या मुस्लिम घरांनीही विणकरांशी रोटी-बेटीचा व्यवहार टाळला. लग्न जमवताना आजही कुठेकुठे हे ऐकू येतं. बराबरीची शिकवण असलेल्या उम्मतीला हे शोभत नाही.

विणकरांनी याचा मुकाबला केला. त्यांनी मोमीन आणि अन्सारी ही नावं अभिमानाने लावली. मदिन्यात रसूलुल्लाह यांना साथ देणाऱ्या अन्सारांशी त्यांनी आपलं नातं जोडलं. विसाव्या शतकात मौलाना अली हुसेन आसिम बिहारी यांनी विणकरांना संघटित केलं, आणि अब्दुल कय्यूम अन्सारी यांच्या नेतृत्वाखाली मोमीन कॉन्फरन्सने देशाच्या फाळणीला विरोध केला. १८५७ नंतर उत्तर प्रदेशातल्या विणकर गावांतून अनेक कुटुंबं आपला मुलूख सोडून मालेगाव, भिवंडीकडे आली. आज ही दोन्ही यंत्रमागाची मोठी शहरं आहेत.

एक कामाची गोष्ट. महाराष्ट्राच्या इतर मागासवर्गाच्या यादीत जुलाहा, मोमीन, अन्सारी यांचा समावेश आहे. राज्यात ओबीसी दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा महत्त्वाचा मानला जातो. आजोबा-पणजोबांच्या जुन्या शालेय नोंदीत फक्त 'मुसलमान' लिहिलेलं असतं आणि तिथेच गाडी अडते. म्हणून घरातले जुने दाखले, जन्म-मृत्यूच्या नोंदी, जमिनीचे कागद यांत कुठे 'मोमीन' किंवा 'जुलाहा' लिहिलं आहे का, हे वेळ असतानाच पाहून ठेवावं. ज्या नावाची लाज वाटायला लावली गेली, त्याच नावाच्या नोंदीने नातवाचा कॉलेजचा प्रवेश होऊ शकतो.

दौलताबादहून मालीपर्यंत

इब्न बतूता हा मोरोक्कोचा प्रवासी मुहम्मद बिन तुघलकाच्या दरबारी काझी होता. त्याने दौलताबाद पाहिलं आणि त्याबद्दल लिहिलं. हाच माणूस १३५२ मध्ये सहारा वाळवंट ओलांडून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीच्या मुस्लिम सल्तनतीत पोचला. दख्खन आणि माली, विणकामाचे दोन्ही मुलूख त्याने एका आयुष्यात पाहिले.

पश्चिम आफ्रिकेची वीण आपल्यापेक्षा वेगळी आहे. तिथले पुरुष विणकर अगदी अरुंद मागावर चार-पाच इंच रुंदीची लांबच लांब पट्टी विणतात. तान्याचं दुसरं टोक दगडाला बांधून बऱ्याच अंतरावर ठेवलेलं असतं, आणि कापड पुढे जाईल तसा दगड सरकत येतो. मग पट्ट्या शेजारी-शेजारी शिवून मोठं कापड होतं. मालीतल्या बांदियागारा कड्यांच्या गुहांत अकराव्या शतकापासूनची अशी सुती-लोकरी कापडं सापडली आहेत. घानातल्या अशांती लोकांचं केंते हे याच पद्धतीचं सर्वांत प्रसिद्ध कापड. कुमासीजवळचं बोनवायर हे त्याचं गाव. परदेशी रेशमी कापडं उसवून, त्याचे धागे काढून अशांती विणकरांनी केंते विणलं. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने केंतेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला.

मालीतले फुलानी समाजाचे विणकर लोकरीच्या पट्ट्या जोडून 'कासा' नावाचं जाड पांघरूण करतात. थंडी आणि मच्छर दोन्हींपासून ते वाचवतं. लग्नप्रसंगी द्यायची नक्षीदार मोठी पांघरुणंही ते विणतात. आपल्याकडे लग्नात चादर दिली जाते, तसंच हे. उत्तर नायजेरियातल्या कानो या मुस्लिम शहरात निळीच्या खड्ड्यांत कापड रंगवण्याचं काम शतकानुशतकं चालत आलं आहे. इस्लाम पसरला तसा तिथे अंगभर पायघोळ झग्याचा रिवाज वाढला आणि विणकरांना काम मिळालं. काही भागांत तर सुती पट्ट्या पैशासारख्या चालायच्या.

आपलं कापडही तिकडे गेलं. पाँडिचेरीचं निळं सुती कापड एकोणिसाव्या शतकात सेनेगलमध्ये डिंकाच्या व्यापारात चलनासारखं वापरलं जाई. मद्रासचे चौकडीचे रुमाल नायजेरियाच्या किनाऱ्यावरच्या कलाबारी लोकांनी असे आपलेसे केले की जन्मापासून मयतीपर्यंतच्या रिवाजांत ते लागतात.

तिथलं एक घेण्यासारखं आहे. केंतेची प्रत्येक नक्षी नावाने ओळखली जाते आणि ते नाव नेसणाऱ्यालाही माहीत असतं. आपल्याकडे नक्षीची नावं विणकराबरोबरच मातीत गेली.

घेताना काय पाहावं?

- हातमागाचं म्हणून विकत असतील तर 'हँडलूम मार्क'चं लेबल मागा. ही सरकारी खूण २००६ पासून आहे.
- कापडाची कड पाहा. हातमागावर बान्याचा धागा कडेला वळून परत येतो. कडेला धागे कापून झालर निघालेली असेल तर ते आधुनिक यंत्राचं काम.
- हिमरू उलटा करून पाहा. जादा बान्याचे रेशमी धागे मागे मोकळे दिसायला हवेत. दोन्ही बाजू सपाट असतील आणि रंग फक्त वर असेल तर ती छपाई.
- कडेचा एक धागा काढून जाळून पाहा. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख होते. रेशीम केस जळल्यासारखा वास देतं. पॉलिस्टर वितळून कडक गोळी होते. रेयॉन मात्र सुतासारखंच जळतं, हे ध्यानात ठेवा.
- १९८५ च्या कायद्याने ठरावीक अकरा प्रकारची कापडं हातमागासाठी राखीव आहेत. तरी यंत्राचा माल हातमागाचा म्हणून विकला जातो. शंका आली तर बिल मागा आणि त्यावर 'हातमाग' असं लिहून घ्या.

यंत्रमागाची चादर घेणं यात कमीपणा काही नाही. तीही कुणाच्या तरी मेहनतीची असते. फक्त यंत्राच्या मालाला हातमागाचा भाव देऊ नये, आणि हातमागाच्या मालाला यंत्राचा भाव सांगून कारागिराशी घासाघीस करू नये.

घरात काय करता येईल?

सात ऑगस्ट हा २०१५ पासून राष्ट्रीय हातमाग दिन आहे. त्या दिवशी किंवा एखाद्या रविवारी मुलांना जाड पुठ्ठ्याच्या दोन कडांना खाचा करून दोरा ताणून द्या आणि सुईने लोकरीचा बाना घालायला लावा. अर्ध्या तासात बोटभर कापड होतं, आणि एका चादरीला किती मेहनत लागते ते मुलांना न सांगता कळतं. घरात मागावर काम केलेलं कुणी बुजुर्ग असेल, दादी, नानी, कुणीही, तर त्यांचे शब्द आणि नक्षीची नावं मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर टाकू नका. पेटीच्या तळाशी जुना मश्रू किंवा हिमरू असेल तर तो प्लास्टिकमध्ये बांधू नका. धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा, अधूनमधून सावलीत हवा द्या आणि घडी बदलत राहा, नाहीतर घडीवरच धागा तुटतो.